बेने इस्राएलांची मूळपीठिका आणि डीएनएची साक्ष

इ. स. २०१६ च्या मार्च महिन्यांत ‘प्लॉस वन’ ह्या शास्त्रीय नियतकालिकांत येदाएल वाल्डमन आणि त्यांचे सहकारी ह्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय, कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची उत्पत्ति. साधन, त्या समाजांतील अठरा व्यक्तींचा डीएनए. निबंध जीवशास्त्रज्ञांनीं आपल्या व्यवसायबंधूंकरितां लिहिलेला आहे, आणि तो गणितापुरताच असता तर त्याची दखल ह्या त्रैमासिकानें घेण्याचें कारण नव्हतें. परंतु कोण आले, केव्हां आले, येथें कोणाशीं त्यांचे शरीरसंबंध झाले, अशीं त्याचीं विधानें आहेत. आणि हीं विधानें इतिहासाचीं होत. इतिहासाचें विधान प्रयोगशाळेंतून आलें म्हणून त्यास कागदपत्रांच्या कसोटींतून सूट मिळत नाहीं. तसेंच तें प्रयोगशाळेंतून आलें एवढ्यावरून पोथ्या-दप्तरें चाळणारांनीं त्याकडे पाठ फिरविणेंही बरें नव्हे. आमच्या मंडळींत हीं दोन्ही टोकें आढळतात.

दुसरेंही एक कारण आहे. थुंकीची नळी टपालानें पाठवावी आणि कांहीं आठवड्यांनीं ‘आपले पूर्वज अमुक प्रदेशांतले इतके टक्के, तमुक प्रदेशांतले तितके’ असा तक्ता घरबसल्या मिळावा, ही सोय आतां कोणासही पैसे टाकून घेतां येते. नवी मुंबई १९७० नंतर ज्या भूमीवर वसविली गेली, तिच्या दक्षिण अंगास पनवेल आहे. आणि पनवेलीपासून पेण, अलीबाग, रोहें, मुरूड अशी जी कोंकणपट्टी पसरली आहे, तिच्यांत बेने इस्राएलांचे तेलघाणे गांवोगांव होते. पनवेलींत त्यांचें इ. स. १८४९ चें ‘बेथ एल’ हें प्रार्थनामंदिर आजही उभें आहे. ह्या मंदिरांस ते लोक मराठींत मशीदच म्हणत. मुंबईंतील त्यांचें पहिलें मंदिर, शमुएल इझिकेल दिवेकर ह्यांनीं १७९६ सालीं बांधविलेलें, ‘जुनी मशीद’ ह्याच नांवानें ओळखलें जाई. तीं घराणीं आतां बहुतांशीं इस्राएल देशांत गेलीं आहेत. त्यांच्या नातवंडां-पतवंडांस आपलें मूळ शोधावयाचें असतें तेव्हां दप्तरापेक्षां नळी जवळची वाटते, आणि तसें वाटणें स्वाभाविकही आहे. त्यांस ह्या साधनापासून काय मिळेल व काय मिळणार नाहीं, हें कोणी तरी स्पष्ट सांगितलें पाहिजे.

प्रथम परंपरा काय सांगते तें पाहूं. चौलच्या उत्तरेस नवगांवच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलें; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या; बाकीच्यांचीं प्रेतें किनाऱ्यास लागलीं तीं तेथेंच पुरलीं; धर्मग्रंथ समुद्रांत गेले. वांचलेल्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरिला व शनिवारीं घाणा बंद ठेविला, म्हणून लोक त्यांस शनवारतेली म्हणूं लागले. हिब्रू भाषा ते विसरले. ‘शेमा’ हें प्रार्थनावचन, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध एवढें मात्र राहिलें. पुढें दावीद राहाबी नांवाचा कोणी परदेशी यहुदी आला, त्यानें ह्या लोकांस ओळखिलें, धर्म पुन्हां शिकविला आणि तिघांस काजी नेमिलें. हाईम शमुएल केहीमकर ह्यांनीं ही सर्व कथा आपल्या इंग्रजी इतिहासांत विस्तारानें दिली आहे. तो ग्रंथ १८९७ च्या सुमारास लिहून झाला आणि १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. केहीमकरांनीं आगमनाचा काळ इ. स. पूर्वीं १७५ च्या सुमाराचा, म्हणजे अँटिओकस राजाच्या छळाचा, धरिला आणि राहाबीस इ. स. १००० च्या आसपास बसविलें. ह्या दोहोंसही समकालीन आधार नाहीं. कोचीनच्या प्रसिद्ध राहाबी घराण्यांतील अठराव्या शतकांतल्या पुरुषाशीं कथेंतील राहाबीचें ऐक्य मानणारा एक पक्ष आहे. तो आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो.

कथेची घडणही पाहिली पाहिजे. सात जोडपीं म्हणजे चौदा माणसें. समुद्रांतून वाहत आलेल्या चौदा प्रेतांस परशुरामानें जीवदान देऊन ब्राह्मण केलें, ही सह्याद्रिखंडांतील चित्पावनांविषयींची कथा वाचकांस माहीत आहेच. तोच किनारा, तोच समुद्र आणि तीच संख्या. कोणीं कोणाची कथा उचलली हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. परंतु कोंकणांत उत्पत्तिकथा कोणत्या सांच्यांत ओतीत असत हें त्यावरून दिसतें, आणि म्हणून सात जोडप्यांचा आंकडा शिरगणतीचा आंकडा म्हणून घेतां येत नाहीं.

लेखी पुरावा म्हणावा तर तो फार विरळ आहे. इ. स. १२०० च्या सुमारास मैमोनिदीस ह्या यहुदी धर्मशास्त्र्यानें फ्रान्सांतील लुनेलच्या पंडितांस जें पत्र लिहिलें, त्यांत हिंदुस्थानांतील यहुद्यांस शब्बाथ आणि सुंता ह्यांपलीकडे धर्माचें ज्ञान नाहीं अशा अर्थाचा उल्लेख आहे. वर्णन आमच्या शनवारतेल्यांस तंतोतंत जुळतें, परंतु पत्रांत कोंकणाचें नांव नाहीं, व केवळ वर्णन जुळतें म्हणून नांव बसविणें हा आपल्याकडील जुना दोष आहे. ह्या समाजाचा निःसंशय म्हणतां येईल असा उल्लेख १७३८ सालीं सार्तोरियस नांवाच्या डॅनिश मिशनच्या पाद्र्यानें केला. त्यामागें सर्व अंधार. अशा ठिकाणीं नवें साधन येतें तेव्हां त्याचें स्वागत केलेंच पाहिजे.

हें साधन कसें चालतें तें पोथ्या बाळगणारांस समजावून देण्यास फार शब्द लागत नाहींत. एका प्रतीवरून दुसरी उतरतांना लेखक एखादें अक्षर चुकतो. त्या प्रतीवरून पुढें उतरलेल्या सर्व प्रतींत तीच चूक येते. आणि समान चुकांवरून प्रतींचीं कुळें लावितां येतात. भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें जें काम १९१९ सालीं सुरू झालें व १९६६ सालीं पुरें झालें, त्यांत सुकथनकरांनीं प्रतींच्या शाखा लावितांना ह्याच तत्त्वाचा आश्रय केला होता. शरीरांतील डीएनएचीही पिढी दर पिढी नक्कल होते. तींत क्वचित् एखादें अक्षर बदलतें आणि तो बदल पुढच्या वंशांत उतरतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलास जवळ जवळ जसेंच्या तसें जातें; मायटोकॉन्ड्रिया म्हणून पेशींत जे सूक्ष्म कण असतात त्यांचा डीएनए आईकडून येतो. एक पितृपरंपरेचा साक्षी, दुसरा मातृपरंपरेचा.

परंतु ह्या दोन परंपरा म्हणजे वंशवृक्षाच्या केवळ दोन कडा होत. दहा पिढ्या मागें गेल्यास प्रत्येकाच्या पूर्वजांचीं १०२४ स्थानें होतात. वाय गुणसूत्र त्यांतील एका स्थानाविषयीं बोलतें, मायटोकॉन्ड्रिया दुसऱ्या एका स्थानाविषयीं. उरलेल्या १०२२ स्थानांविषयीं दोन्ही साक्षी मुके आहेत. त्यांचा अंश इतर गुणसूत्रांत विखुरलेला असतो, आणि तोही दर पिढीस तुकड्यांची अदलाबदल होऊन, दोन जुन्या पोथ्यांचीं पानें मिसळून तिसरी बांधावी तसा. तुकडे जितके लहान तितकें मिश्रण जुनें, ह्या नियमावर मिश्रणाचा काळ काढण्याची पद्धति उभी आहे. अडचण इतकीच कीं ह्या पोथीस पुष्पिका नाहीं. लेखनकाल नाहीं, स्थल नाहीं, लेखकाचें नांव नाहीं. जें काय कळावयाचें तें दुसऱ्या प्रतींशीं ताडून. आणि म्हणून संपादकाच्या हातीं कोणत्या प्रती होत्या हा प्रश्न पहिला.

बेने इस्राएलांच्या बाबतींत हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे तें मागील दोन निबंधांशीं ताडून पाहिल्यास कळेल. २००८ सालच्या एका अभ्यासांत यहुदी समाजांच्या मातृपरंपरा तपासल्या गेल्या, व बेने इस्राएलांच्या माता बहुतेक हिंदुस्थानी कुळांतल्या निघाल्या. २०१० सालीं दोरोन बेहार व त्यांचे सहकारी ह्यांनीं ‘नेचर’मध्यें यहुदी समाजांच्या सबंध डीएनएची तुलना छापली, तींत बेने इस्राएल आणि कोचीनचे यहुदी हे पश्चिम हिंदुस्थानांतील शेजाऱ्यांच्याच रांगेंत बसले, मात्र बेने इस्राएलांच्या पितृपरंपरेचा पश्चिम आशियाच्या किनाऱ्याशीं स्पष्ट दुवा दिसला. आणि २०१६ सालीं वाल्डमन म्हणतात कीं यहुदी व हिंदुस्थानी हे दोन्ही अंश भरघोस आहेत. वरवर वाचणारास हे पाठभेद वाटतील. वृत्तपत्रांतून पहिल्या वेळीं ‘परंपरा खोटी’ आणि दुसऱ्या वेळीं ‘परंपरा खरी’ असा सूर निघाला, तोही ह्याचमुळें. वस्तुतः विरोध नाहीं. एकंदर साम्य पाहून जवळच्या घरांत बसविणें ही एक रीति. एकाच माणसांत दोन मुळांचे अंश आहेत काय हें शोधणें ही दुसरी. एखादी पोथी बहुतेक श्लोकांत प्रचलित पाठ देते, परंतु मधून मधून जुन्या शाखेचे पाठ राखते. तिची मोजदाद करणारा तिला प्रचलित वर्गांत घालील, आणि तिचीं तेवढीं स्थळें तपासणारा तिच्यामागें दुसरी आदर्श प्रत होती असें म्हणेल. दोघेही खरे.

निबंधावर दोन आक्षेप मात्र घेतले पाहिजेत. अठरा व्यक्ति हा आंकडा लहान आहे. प्रत्येकाच्या डीएनएंत शेंकडों पूर्वजांचे अंश असल्यामुळें ‘मिश्रण झालें कीं नाहीं’ ह्या प्रश्नास अठराही पुरतात, हें कबूल. परंतु ‘सर्व घराण्यांत सारखेंच झालें काय’, ‘पनवेल-पेणकडचीं व रोहें-मुरूडकडचीं कुळें एका मुळाचीं काय’ ह्या प्रश्नांस ते पुरत नाहींत. घराण्याचा इतिहास शोधणारास तर हेच प्रश्न हवे असतात. दुसरें असें कीं ज्यांच्याशीं ताडून पाहिलें ते समाज सर्व आजचे. आजचा मध्यपूर्वेंतील यहुदी हा हजार वर्षांपूर्वींच्या यहुद्याचा, आणि आजचा हिंदुस्थानी मनुष्य शिलाहारकालीन कोंकण्याचा, प्रतिनिधि म्हणून उभा केलेला आहे. अस्सल कागद नाहीं तेव्हां नकलेवर काम चालवावें लागतें. पण नकलेस नक्कल म्हणावें.

आतां काळाविषयीं. वाल्डमन ह्यांचें अनुमान असें कीं मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झालें. पिढी किती वर्षांची धरावी हा वाद कुलवृत्तान्त छापणाऱ्या आपल्या मंडळींस चांगला परिचित आहे. पंचवीस वर्षांची धरून विसाव्या शतकाच्या मध्यापासून मागें मोजिलें तर इ. स. ११२५ ते १४७५ हा काळ येतो; तीस वर्षांची धरिली तर ९६० ते १३८०. कोंकणच्या इतिहासांत हा फरक थोडा नव्हे. पहिल्या मोजणींत काळाची खालची मर्यादा बहामनी अमदानींत शिरते, दुसरींत वरची मर्यादा उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या भरभराटीस जाऊन भिडते. तथापि कोणतीही मोजणी घेतली तरी केहीमकरांचा इ. स. पूर्वींचा काळ तींत बसत नाहीं. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. हा काळ मिश्रणाचा आहे, आगमनाचा नव्हे. आणि मिश्रण अनेक पिढ्या चालू राहिलें असल्यास गणितांतून निघतो तो त्या सर्वांचा मधला कोठला तरी काळ असतो. इ. स. पूर्वीं आलेले लोक हजार वर्षें निर्भेळ राहिले आणि मग मिसळले, असें कोणी म्हणेल तर डीएनए त्यास तोंडावर खोटें पाडूं शकत नाहीं. परंतु सात जोडप्यांनीं परक्या किनाऱ्यावर हजार-बाराशें वर्षें आपसांत लग्नें करून राहावें आणि मग एकाएकीं शेजाऱ्यांशीं मिसळावें, ही कल्पना मानण्यापेक्षां गलबतास हजार-बाराशें वर्षें उशिरां निघूं द्यावें हें आम्हांस सोपें वाटतें.

आणि त्या काळीं गलबतें येत होतीं. मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१५-९१६ च्या सुमारास चौलास, म्हणजे अरबांच्या सैमूरास, येऊन गेला. तेथें परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्यानें पाहिली. यहुदी व्यापाऱ्यांचा पुरावा कैरोच्या गेनिझांत, म्हणजे तेथील यहुदी प्रार्थनामंदिराच्या कागदकोठडींत, निघाला. एस. डी. गॉयटाइन ह्यांनीं त्या कागदांवर आयुष्य वेंचिलें, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराविषयींचा त्यांचा संग्रह त्यांच्यामागें मोर्देखाय फ्रीडमन ह्यांनीं पुरा करून २००८ सालीं छापला. त्यांत अब्राहम बेन यिजू ह्या मूळच्या ट्युनिसाकडील व्यापाऱ्याचे कागद आहेत. हा गृहस्थ इ. स. ११३२ पासून पुढें बरींच वर्षें मंगळूरास राहिला. त्याच ११३२ सालीं त्यानें अशू नांवाच्या एका स्थानिक दासीस मुक्त केल्याचा लेख उपलब्ध आहे, आणि त्याच्या मुलांची आई तीच असावी असें अभ्यासक मानतात. मंगळूर म्हणजे नवगांव नव्हे आणि बेन यिजू हा बेने इस्राएलांचा मूळपुरुष नव्हे, हें सांगावयास नकोच. परंतु वाल्डमन ह्यांच्या निष्कर्षांत पुरुष अधिक करून यहुदी व स्त्रिया अधिक करून स्थानिक असा जो भेद दिसतो, तशी घटना त्याच समुद्रकिनाऱ्यावर, त्याच शतकांत, तारीखवार कागदावर नोंदलेली सांपडते. निबंधकारांनीं ह्या कागदाचा उपयोग अधिक केला असता तर त्यांचें विधान पुष्कळ भरीव झालें असतें. डीएनए सांगतो कीं असें झालें. कसें झालें हें बेन यिजूच्या कागदावरून कळतें. व्यापारी येई, माल उतरी, वर्षें काढी, घर करी.

स्त्रिया स्थानिक होत्या हा भाग सर्वांत नाजूक, आणि त्यांतच ह्या संशोधनाचा खरा परिणाम आहे. कथेंतील सात स्त्रियांस त्यामुळें बाध येतो, हें एक. यहुदी धर्मशास्त्रांत मूल आईच्या धर्माचें, हें दुसरें. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन तट होते. काळे म्हणजे ज्यांच्या माता अन्य समाजांतल्या त्यांची संतति, असें गोरे म्हणत, आणि विसाव्या शतकापर्यंत त्यांच्यांत बेटीव्यवहार नव्हता. समाजाच्या मातृपरंपराच बहुतेक येथल्या असतील तर ह्या भेदाखालची जमीनच राहत नाहीं. हें निबंधकारांनीं म्हटलेलें नाहीं. त्यांच्या निष्कर्षावरून आम्ही काढीत आहों. पण निष्कर्ष मान्य करणारास तें टाळतां येईल असें दिसत नाहीं.

उलट दिशेनेंही हेंच साधन वापरलें जाऊं शकतें, व तें भय काल्पनिक नाहीं. १९६२ सालीं इस्राएल देशाच्या मुख्य धर्मपीठानें विवाह नोंदणाऱ्या अधिकाऱ्यांस हुकूम सोडला कीं बेने इस्राएलांपैकीं कोणी विवाहास आल्यास त्याच्या आईच्या, आजीच्या व शक्य तितक्या मागच्या पिढ्यांचा तपास करावा. कोंकणांतील खेड्यांतून आलेल्या माणसानें पणजीच्या धर्माचा दाखला आणावा कोठून? दोन वर्षें तो समाज तेथें झगडत राहिला. शेवटीं १९६४ च्या ऑगस्ट महिन्यांत त्या देशाच्या कायदेमंडळांत विषय निघाला आणि धर्मपीठास बेने इस्राएलांचें नांव हुकुमांतून काढावें लागलें. त्या वेळीं नळी असती तर काय झालें असतें, ह्याचा विचार २०१६ च्या निबंधानें आनंदित झालेल्यांनीं जरूर करावा. ‘यहुदी अंश भरघोस’ ह्या वाक्यानें ज्यांस आज दिलासा मिळतो, त्यांनीं आपलें यहुदीपण नकळत त्या वाक्याच्या हवालीं केलें असें होतें. आणि मग ज्या एखाद्या घराण्याच्या तक्त्यांत तो अंश कमी निघेल त्याचें काय? शनिवारचा घाणा बंद ठेवणाऱ्या आणि सुंता चुकूं न देणाऱ्या माणसांनीं शतकानुशतकें जें राखिलें तें डीएनएंत उतरत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांस २०१६ सालींच अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. ती देतांना कोणाची थुंकी मागितली नाहीं, हें योग्यच झालें.

समाजाचा प्रश्न एक, घराण्याचा प्रश्न दुसरा. आणि दुसऱ्यांत हें साधन ह्या समाजापुरतें फारच लंगडें आहे. सख्खे चुलतभाऊ सरासरीनें साडेबारा टक्के डीएनए समान बाळगतात. नातें आणखी दोन पिढ्या मागें, म्हणजे खापरपणजोबांच्या जोडप्यापाशीं, जुळत असेल तर हें प्रमाण एका टक्क्याहूनही खालीं जातें, व अशा दहा जोड्यांतील सुमारें एका जोडींत समान असा तुकडा मुळींच सांपडत नाहीं. हें झालें बाहेर लग्नें करणाऱ्या समाजांचें. जेथें लहानशा समाजांत पिढ्यान् पिढ्या आपसांतच लग्नें झालीं तेथें सगळ्यांचेच तुकडे सगळ्यांशीं जुळतात, आणि तक्त्यांत दूरचा गोत्या जवळचा आप्त म्हणून झळकतो. वाल्डमन ह्यांनीं स्वतःच दाखविलें आहे कीं मिश्रणानंतर ह्या समाजाची संख्या फार आकुंचित झाली होती आणि नंतर अंतर्विवाह कडक राहिला. तेव्हां पेणकर व रोहेकर ह्यांचा तुकडा जुळला तर त्यावरून त्यांच्या पणजांचें नातें ठरवूं नये. त्यापेक्षां ‘कर’ लागलेलें आडनांव अधिक बोलतें. दिवेकर, केहीमकर, नवगांवकर, झिराडकर, आष्टमकर अशीं शंभराहून अधिक आडनांवें आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटांत एक गांव आहे.

सर्वच घराण्यांस लागू पडणारा आणखी एक मुद्दा येथें सांगितला पाहिजे, कारण नव्या मुंबईच्या परिसरांत वंशावळ ही शोभेची वस्तु नाहीं. भूमि संपादन झालेल्या मूळ खातेदारांच्या वारसांस साडेबारा टक्के योजनेखालीं भूखंड मिळतात, आणि वारस कोण हें वंशावळीवरून ठरतें. अशा वेळीं रक्ताची परीक्षा सर्वांत खात्रीची असें सामान्य माणसास वाटतें. आपल्या परंपरेंतील वंश मात्र रक्तापेक्षां निराळ्या गोष्टींवरही चालत आला आहे. विवाहांत जन्मलेलें मूल औरस ही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील कलम ११२ ची कल्पना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्यें कायम आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं नागपूरकडील एका प्रकरणांत परीक्षेच्या निष्कर्षास ह्या गृहीताहून अधिक मान दिला, परंतु २०२३ सालीं अशी परीक्षा सरसकट करवूं नये असेंही बजाविलें. आणि दत्तकाचें काय? शाहू महाराजांमागें सातारच्या गादीवर आलेला रामराजा आपला नातू नव्हे असें ताराबाईनें पुढें म्हटलें. ही शंका डीएनएनें फेडावी अशी सूचना कोणी उत्साही गृहस्थ करील. परंतु रामराजामागें गादीवर आलेले दुसरे शाहू हे वावीकर भोसल्यांतून दत्तक घेतलेले. त्यांच्या वंशजांची परीक्षा केली तर ती वावीकरांची होईल, रामराजाची नव्हे. कागद न पाहतां रक्त पाहणारास हें कळणार नाहीं.

राहतां राहिला प्रश्न असा कीं आजच्या नमुन्यांवरून मागें मोजण्याऐवजीं त्या काळच्याच अवशेषांची परीक्षा करतां येईल काय. पारशांच्या बाबतींत तें घडलें आहे. संजाण येथें उत्खननांत सांपडलेल्या जुन्या दोखम्यांतील अस्थींची परीक्षा ग्यानेश्वर चौबे व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केली. तींत ४८ टक्के मातृपरंपरा हिंदुस्थानी निघाल्या, म्हणजे वसाहतीच्या आरंभींच स्थानिक स्त्रिया त्या समाजांत आल्या असाव्यात. कोंकणच्या यहुद्यांविषयीं ह्या तोडीचा पुरावा मिळण्याचा संभव कमी. यहुदी शास्त्राप्रमाणें थडगें उकरणें निषिद्ध आहे, आणि ज्या समाजानें नवगांवच्या दफनभूमीस आपलें आदिस्थान म्हणून जपलें त्याची भावना मोडून तेथें कुदळ घालावी असें कोणीही सुज्ञ म्हणणार नाहीं. जमिनीवर जें आहे तें मात्र अजून पुरतें उतरून घेतलेलें नाहीं. पनवेलीपासून मुरूडपर्यंत ठिकठिकाणच्या यहुदी दफनभूमींत हिब्रू व मराठी लेखांचे दगड आहेत. त्यांवर नांव, बापाचें नांव, आडनांव आणि मृत्यूची तिथि हीं चारही मिळतात. घराण्यांच्या पेट्यांतून विवाहाचे करारपत्रक, मुलांच्या जन्माच्या नोंदी असलेलीं प्रार्थनापुस्तकें आणि जमिनीचे मोडी कागद परदेशीं गेले आहेत. ज्यांच्याकडे तीं असतील त्यांनीं मूळ आपल्यापाशीं ठेवून छायाचित्रें जरी पाठविलीं तरी काम सुरू होईल. दगडांचे ठसे घेण्याचें काम पावसाळ्यानंतर, पनवेलीपासून आरंभ करून, दोन-तीन हंगामांत उरकण्यासारखें आहे.